पटपडगंजची पंगत

माझ्या सासूबाई, वासंतीबाई, आयुष्यात कधी कुणाच्या बरोबरीनं जेवायला बसल्या नाहीत. आधी घरातल्यांचं, मग कामवालीचं, मग दारात कुणी आलेलं असेल तर त्याचं, आणि शेवटी पातेल्याच्या तळाशी उरेल ते त्यांचं, तेही ओट्याशी उभ्यानं. मला याचा मनस्वी राग यायचा. लग्न होऊन दिल्लीला आले त्याच आठवड्यात मी सगळ्यांबरोबर ताट घेऊन बसले आणि त्यांनाही म्हटलं, बसा. त्या चिडल्या नाहीत. "तू बस, मी आहे ना," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर पंचवीसेक वर्षं मी पहिल्या पंगतीला आणि त्या शेवटच्या. मी सरकारी खात्यात फायलींवर शेरे मारणारी बाई, असल्या त्यागाचं मला कौतुक नव्हतं आणि आजही नाही.

मागच्या आषाढात त्या गेल्या. नवरा हयात असताना गेल्या म्हणून त्यांचं पान पितृपक्षातल्या अविधवा नवमीला. यंदा पहिलंच. आमची सोसायटी पटपडगंजला, सह्यकुंज नावाची. केंद्र सरकारात नोकरीला आलेल्या मराठी माणसांनी मिळून बांधलेली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनीखाली छोटं पार्क आणि पार्कच्या फाटकाशी कडुनिंब. करोलबागेतून गुरुजी आले होते. माझा नवरा सुधन्वा सोवळं नेसून पाटावर बसला होता. सासरे, म्हणजे बाबा, खुर्चीत. बाबांचं नाव भालचंद्र. पहाडगंजच्या मराठी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, ऐंशीला टेकलेले, मधुमेहाचे जुने दोस्त.

पहिली विचित्र गोष्ट घडली ती तर्पणाला. सुधन्वा हातावरून पाणी सोडत होता, तीळ ताम्हणात पडत होते आणि कोरडेच पडत होते. तांब्या रिकामा होत आला तरी ताम्हणात थेंब साठेना. मला वाटलं ताम्हण फुटलं. उचलून उजेडात धरलं, तर कुठं भोक नाही आणि खालची फरशीही सुकी. गुरुजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मंत्रांचा वेग वाढवला.

मग पान बाल्कनीच्या कठड्यावर ठेवलं. खीर, वडे, आमसुलाची चटणी, भरली भेंडी त्यांना आवडायची म्हणून ती. बाजूला पाण्याचा पेला. दिल्लीत आता कावळा दिसणं मुश्कील, लोक कबुतरांवरच समाधान मानतात. पण त्या दुपारी कावळे आले, आणि भरपूर आले. पार्कच्या भिंतीवर ओळीनं बसले. एखादा उडून कठड्यावर यायचा, पान निरखायचा आणि पाठ फिरवून खाली कडुनिंबाकडे बघत राहायचा. त्यांच्यातला एकही ओरडत नव्हता. भर दुपारी इतके कावळे आणि इतकी शांतता, मला ते बघवेना.

सुधन्वानं हात जोडून आईला सगळी वचनं दिली. बाबांना सांभाळू, कृतिकाचं शिक्षण पुरं करू. कृतिका आमची मुलगी, मुनिरक्यात खोली घेऊन राहते, इतिहासातच एम.ए. करते. पान तसंच राहिलं. गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववू, शास्त्रात सोय आहे. बाबा खुर्चीतून उठले.

"तिला काय हवंय ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "ती तहानेली गेली. कावळा शिवेपर्यंत मी अन्नाला हात लावणार नाही."

हे खरं होतं, निदान अर्धं. शेवटचे दिवस आई अतिदक्षता विभागात होत्या आणि डॉक्टरांनी तोंडावाटे काहीही द्यायला बंदी केली होती. आई पाणी मागायच्या. बाबा ओला कापूस ओठांवर फिरवायचे आणि पेला मागं धरायचे. डॉक्टरांचं चुकलं नव्हतं, बाबांचंही नाही. पण आयुष्यभर ज्या बाईनं पाण्याचा तांब्या हातात आणून दिला तिला घोटभर पाणी आपण दिलं नाही, हे बाबांच्या छातीत रुतून बसलं होतं. त्यांना समजावणं माझ्यानं झालं नाही.

त्या दिवसापासून ते दूध आणि गोळ्यांवर राहिले. मी चिडले, रडले, सुधन्वाला बोलले, काही उपयोग झाला नाही. रोज दुपारी ते बाल्कनीत पान ठेवायला लावायचे आणि समोर बसायचे. कावळे यायचे, बघायचे, पाठ फिरवायचे. पेल्यातलं पाणी मात्र संपायचं. मी ऊन म्हणून सोडून दिलं. सप्टेंबरमधलं दिल्लीचं ऊन वाईटच असतं. पण मग ते पेल्यापुरतं राहिलं नाही. स्वयंपाकघरातलं पिंप दुपारी भरलेलं असायचं आणि ताटं मांडेपर्यंत तळ दिसायचा. तुळशीला घातलेलं पाणी मातीवर टेकायच्या आधी नाहीसं व्हायचं. आणि लोणच्याच्या बरणीवरचा गोळा भर दुपारी हात भाजावा इतका तापायचा.

तो गोळा म्हणजे मोठ्या लिंबाएवढा लोखंडाचा. सोसायटीचा पाया खणताना निघाला होता. बाबा तेव्हा बांधकाम समितीवर होते, त्यांनी घरी आणला आणि आईंनी तो लोणच्याच्या झाकणावर दाबायला ठेवला. तेव्हापासून तिथंच. आमच्या देव्हाऱ्यात मात्र चांदीच्या डबीत पानिपतची माती आहे. दर संक्रांतीला बाबा मराठी मंडळींची बस काढून पानिपतच्या काला अंब स्मारकाला जायचे, तिथं डोळे पुसायचे आणि परतताना चिमूटभर माती आणायचे. आई बसमध्ये सगळ्यांना गुळाच्या पोळ्या वाटायच्या.

त्रयोदशीला सकाळी बाबांना दरदरून घाम फुटला आणि ते बाथरूमच्या दारात बसले. डॉक्टर घरी आले, साखर पाहून घाबरले. म्हणाले, आजच्या आज अन्न घेतलं नाही तर भरती करा, या वयात असे दोन दिवसही फार झाले. बाबांनी भरती व्हायला नकार दिला. "तिथंच तर ती तशी गेली," असं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टरांनी मध चाटवला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की अमावास्येपर्यंत हे असंच चाललं तर ते जबाबदार नाहीत. मी कृतिकाला फोन केला. आजोबा तिचं ऐकतात.

ती दुपारपर्यंत आली. बाल्कनीत गेली ती बराच वेळ बाहेरच राहिली. कावळे भिंतीवर होतेच. आत येऊन तिनं विचारलं, हे सगळे त्या झाडाकडे का बघतायत, तिथं आहे काय. मग स्वयंपाकघरात पाण्याला गेली आणि तो गोळा हातात घेऊन आली, फडक्यात धरून, कारण तापला होता.

"आजोबा, हा तोफेचा गोळा आहे ना?"

बाबा डोळे मिटूनच म्हणाले, असेल, इथं इंग्रजांशी लढाई झाली होती. मी उडालेच. ज्या घरात पानिपतच्या शेवटच्या बाजारबुणग्यापर्यंत सगळ्यांची आठवण निघते, त्या घरात पायाखालच्या लढाईचं नाव मी एकदाही ऐकलं नव्हतं. कृतिकानं ते नोएडाच्या गोल्फ कोर्सवरच्या जुन्या खांबापाशी वाचलं होतं. इंग्रजांनी आपल्या विजयाचा आणि आपल्या सेनापतीचा उभारलेला खांब. दुसऱ्या बाजूचं कुणी मेलं की नाही याचा त्यावर पत्ता नाही, असं ती म्हणाली.

मग बाबांनी पडल्या पडल्या शिकवायला सुरुवात केली. जन्मभर त्यांनी मुलांकडून 'युद्धाची कारणे व परिणाम' घोकून घेतले, ती सवय कुठं जाते. मराठ्यांचं राज्य तसं कालपरवाचं, आणि कंपनीच्या मागं उभं साम्राज्य. पेशवा वसईला इंग्रजांच्या पंखाखाली गेला, शिंद्यांना ते मानवलं नाही. इंग्रजांना दिल्ली हवी होती आणि दिल्लीचा आंधळा बादशहा शिंद्यांच्या ताब्यात होता. ही कारणं. मग अठराशे तीनच्या सप्टेंबरात, असल्याच उन्हात, यमुनेच्या या काठाला गाठ पडली. शिंद्यांच्या फौजेचा फ्रेंच सेनापती पळाला. तोफांजवळची माणसं हलली नाहीत. उरलेल्यांना रेटत नदीकडे नेलं. नदी समोर दिसत होती, पण पाण्यापर्यंत फार थोडे पोचले, आणि पोचले ते बुडाले. दिल्ली गेली, बादशहा एका पहाऱ्यातून दुसऱ्यात गेला, पुढं शतकभराहून जास्त गोऱ्यांचं राज्य. हे परिणाम. पाच मार्कांचं उत्तर त्यांनी अंथरुणातून नीट दिलं.

"आणि आपण जानेवारीत पानिपतला जातो," कृतिका म्हणाली.

"ते आपले नव्हते, बेटा. पगारी फौज. पुरबिये, रोहिले, कुठले कुठले. मराठी माणूस औषधालाही नसेल."

"मग कुणाचे होते, आजोबा? झेंडा कुणाचा होता?"

बाबांनी डोळे उघडून गोळ्याकडे पाहिलं. कृतिकानं फोनवर काहीतरी पाहिलं आणि हळूच म्हणाली की तिथीनं बघितलं तर ती लढाईसुद्धा पितृपक्षातली आहे.

मला एकदम एक जुनी दुपार आठवली. आई रोज बारा वाजले की फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली पाण्याची मोठी परात ठेवायच्या. पाखरांसाठी, असं आम्ही धरून चाललो होतो. एकदा मी रजेवर असताना बाल्कनीतून पाहिलं, आई डोक्यावर पदर घेऊन झाडापाशी उभ्या होत्या आणि कुणाशी तरी बोलत होत्या. चाळीस वर्षं दिल्लीत काढून त्यांचं हिंदी जिथल्या तिथं होतं. "सावकाश पीजिए," त्या म्हणत होत्या, "बहुत है, मैं हूँ ना." झाडाआड भाजीवाला असेल असं मला वाटलं आणि त्यांच्या हिंदीवर मी आत येऊन हसले होते. त्या गेल्यावर परात घरात आली. पुढं डेंग्यूमुळे साठलेलं पाणी ठेवू नये अशी सोसायटीची सूचनाही लागली, त्यामुळे ती पुन्हा खाली गेलीच नाही.

दुसरी गोष्ट दवाखान्यातली. शेवटच्या सकाळी मी त्यांच्याजवळ होते. पाणी मागताना त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या, कॉटच्या पायथ्याशी बघत होत्या. तिथं एक रिकामं स्टूल आणि भिंत. "या सगळ्यांना आधी दे," त्या म्हणाल्या, "कधीचे उभे आहेत. माझं मागून." तापात माणूस काहीही बोलतं म्हणून मी ते सोडून दिलं, बाबांना सांगितलंही नाही. तो दवाखानाही इथंच, पटपडगंजच्या हद्दीत.

मी बाबांच्या उशाशी जाऊन दोन्ही गोष्टी सांगितल्या. बाबा उठून बसले. त्यांचा चेहरा मला बघवत नव्हता. आई रागावलेल्या नाहीत, मी म्हटलं. तुमच्यावर नाही आणि कुणावरच नाही. त्या अजून वाढताहेत, त्या तोफांजवळच्या माणसांना. पंगत उठल्याशिवाय त्या जेवल्या आहेत का कधी?

बाबांनी उशाजवळचा चष्मा लावला. मग म्हणाले, "स्वरूपा, आपली सगळी भांडी काढ."

सर्वपित्री अमावास्येला दुपारी आम्ही घरात होतं नव्हतं ते सगळं खाली नेलं. बादल्या, हंडा, कुकर, डाळीची पातेली, इडलीपात्राचा खालचा भाग, कृतिकाच्या लहानपणचा टब. चौकीदार बघत राहिला, त्याला मी पूजा आहे म्हणून सांगितलं. सुधन्वानं पार्कच्या नळाला नळी लावून एकेक भांडं भरलं आणि मग आईंचं पान बघायला वर बाल्कनीत गेला. बाबांना लिफ्टनं खाली आणून खुर्चीत बसवलं. त्यांच्या मांडीवर तो लोखंडी गोळा होता. ऊन डोक्यावर आलं तशी कावळ्यांची ओळ भिंतीवर बसली.

काहीच झालं नाही. गवतावर भरलेली भांडी आणि आम्ही वेड्यासारखे उभे. मला लाज वाटायला लागली, वरच्या खिडक्यांतून शेजारी बघत असणार. मग बाबा कृतिकाच्या खांद्याला धरून उठले. त्यांनी ओंजळीत पाणी आणि तीळ घेतले. मराठीत सुरुवात केली, थांबले, आणि हिंदीत बोलले.

"नाम नहीं मालूम। गोत्र नहीं मालूम। तोपों के पास खड़े रहे, इतना मालूम है।" त्यांनी ओंजळ झाडाकडे केली. "आप हमारे थे। हमने गिना नहीं।"

ओंजळीतलं पाणी खाली पडलं नाही. बोटांच्या फटीतून गेलं आणि मधेच संपलं. बाबांचा हात कोरडा होता. मग भांड्यांतलं पाणी हलायला लागलं. सगळ्यात कडेच्या बादलीतलं आधी, मग तिच्या शेजारचं. पाण्याची पातळी उतरत होती, सावकाश नाही, आधाशीपणानं. वारा नव्हता. मी घोट ऐकले. एकाचे नाही, पुष्कळ गळ्यांचे, भुकेल्या पंगतीत पहिला भात वाढल्यावर जसं कुणी बोलत नाही, नुसता घासांचा आवाज येतो, तसे. गवत ठिकठिकाणी दबलं होतं, गुडघे टेकावेत तसं. मला दारूच्या धुराचा वास आला, दिवाळीच्या दुसऱ्या सकाळी असतो तो.

पळून जावं असं वाटत होतं. पण हंडा रिकामा झालेला दिसला आणि माझा हात आपोआप नळाकडे गेला. मी नळी घेऊन एका भांड्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिले. डोक्यावर ओढणी कधी घेतली ते मला आठवत नाही. आणि तोंडातून शब्द आले ते माझे नव्हते, माझं हिंदी चांगलं आहे.

"सावकाश पीजिए," मी म्हणत होते. "बहुत है, मैं हूँ ना."

किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी एक बादली भरलेली राहिली, मग दुसरी. पाणी उतरेना. बाबा झाडाकडे बघून म्हणाले, "वासंती, झालं सगळ्यांचं. आता तू बस."

भिंतीवरून एक कावळा उडाला आणि तिसऱ्या मजल्याकडे गेला. वरून सुधन्वाची हाक आली की शिवला, आधी भेंडीला शिवला. मग सगळे कावळे एकदम ओरडायला लागले, इतक्या दिवसांचं साठलेलं. बाबा तिथंच खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडले. वर आल्यावर त्यांनी वरणभात खाल्ला, लिंबू मागून घेतलं आणि झोपले. मी स्वयंपाकघराचं दार लावून मोकळेपणी रडले. बाईची आयुष्यभराची पंगत संपली याचा मला आनंद झाला होता, आणि इतक्या वर्षांत मी एकदाही तिला वाढलं नाही याचं वाईट वाटत होतं.

गोळा आता देव्हाऱ्यात आहे, पानिपतच्या डबीशेजारी. बाबांची तब्येत सुधारली. परात पुन्हा कडुनिंबाखाली जाते, सोसायटीच्या सेक्रेटरीशी मी त्यावरून भांडले आणि जिंकले. रोज रिकामी करून घासून ठेवते, डास होत नाहीत.

दसऱ्याला कृतिका घरी होती. सुट्टी होती, श्रीखंड होतं, टेबलावर चार ताटं मांडली. मी सगळ्यांना वाढलं. सुधन्वानं सुरुवात केली, बाबांनीही. माझं श्रीखंड वाटीत तसंच होतं आणि मी ओट्याशी, हातात तांब्या घेऊन.

"आई, बस ना यार," कृतिका म्हणाली. "पुऱ्या गार होतायत."

"तुम्ही घ्या," मी म्हटलं. "यांचं होऊ दे आधी. मी आहे."

"कुणाचं?"

घरात आम्ही चौघंच होतो. सुधन्वा हसला, त्याला वाटलं मी आईची नक्कल करतेय. कृतिकाला तसं वाटलं नाही, तिचा घास हातातच राहिला. बाबांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी स्वतःचा पाण्याचा पेला टेबलाच्या रिकाम्या टोकाकडे सरकवला आणि माझी खुर्ची ओढून तयार ठेवली.

खुर्ची तशीच आहे. मी अजून बसले नाहीये.